खडक लागला तर दर काय, हे करारातच लिहा

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

मी पुण्यात गटारे, सीमाभिंती अशी छोटी सरकारी कामे घेतो. काही वर्षांपूर्वी एका खात्याचे पाइपलाइनचे काम लागले. अंदाजपत्रकात सगळी खोदाई मुरमात धरलेली. चार फुटांखाली काळा पाषाण निघाला. ब्रेकर आणावा लागला. कठीण खडकाचा दर करारात नव्हता, म्हणजे एक्स्ट्रा आयटम, कराराबाहेरचे जादा काम. साहेबांनी समोर टेप धरून माप घेतले, पण एमबीत, म्हणजे बिलासाठीच्या मापपुस्तकात, नोंद होईना. पाच महिने फाइल टेबलावरून टेबलावर फिरली. शेवटी किती ‘वजन’ ठेवायचे, ते शिपायाकडून कळले. मी ठेवले नाही. बिल अजून अडकलेले आहे. ब्रेकरवाल्याचे पैसे बायकोच्या पाटल्या गहाण टाकून चुकते केले.

ज्यांची टेबलाशी ओळख आहे, ते निविदेत मुद्दाम बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर, भरतात आणि कसर एक्स्ट्रा आयटममधून काढतात. खरा दर भरणारा पहिल्याच पायरीवर बाद होतो.

साहेब, पुण्याच्या जमिनीखाली खडक कुठे लागेल, हे अंदाजपत्रक करणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. मग बदल होणार हे गृहीत धरूनच करार करा. ब्रिटनमध्ये 1993 पासून ‘एनईसी’ नावाचा करारनमुना आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकची कामे त्यावर झाली. त्यात बदल निघाला की कंत्राटदार साधारण तीन आठवड्यांत खर्च सांगतो, खात्याच्या व्यवस्थापकाने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही, तर कंत्राटदार नोटीस देतो. त्यानंतरही दोन आठवडे गप्प राहिले, तर तो खर्च मंजूर धरला जातो. फाइल दाबून ठेवण्यात कोणाचा फायदाच उरत नाही.

लवचीक करार म्हणजे मोकळे कुरण, ही भीती मलाही वाटते. म्हणून मुरूम, मऊ खडक, कठीण खडक या तिन्हींचे दर निविदेतच भरून घ्या. प्रत्येक बदलाचे माप, फोटो आणि रक्कम आठवड्याच्या आत संकेतस्थळावर टाका. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी नागरिकांना फाइली पाहू दिल्या, त्याने काही बिघडले नाही.

पुणे जिल्ह्यातली पुढची दहा छोटी खोदाईची कामे या पद्धतीने काढून पाहा. त्यातल्या एकाला तरी मी निविदा भरीन, आणि बिलो न भरता.

आपला,
पुण्यातील एक नोंदणीकृत कंत्राटदार