रस्त्यावरच्या पोरांना पळवून लावू नका

मा. संपादक,
स. न.

नवरात्र तोंडावर आले की कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, महाद्वार रोड इथे फुगे विकणारी, मागणारी, नुसतीच फिरणारी पोरे जास्त दिसतात आणि 'यांना उचला' अशी ओरड सुरू होते. आम्ही या पोरांमध्ये रस्त्यावरच काम करतो, म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी जिवाचा प्रश्न. पंक्चरचे सोल्युशन किंवा थिनर चिंधीवर घेऊन हुंगणाऱ्या पोराच्या मागे कधीही धावू नका. या द्रावकांनी हृदयाची लय नाजूक होते; त्यात पोरगे दचकले, पळाले तर हृदय अचानक बंद पडू शकते. पहिल्यांदा हुंगणाराही असा दगावतो. आवाज न चढवता मोकळ्या हवेत बसवा, जवळ काडी पेटवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून 108 ला फोन करा.

एकटे, लहान मूल दिसले तर वाट बघत बसायचे नाही, लगेच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे अशा मुलाला 24 तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पण चौदा-पंधरा वर्षांची, टोळीने राहणारी, कमावणारी पोरे वेगळी. त्यांच्यासाठी दोघा कार्यकर्त्यांची जोडी लागते. ठरलेले वार, ठरलेली वेळ, तीच जागा. सुरुवातीचे काही आठवडे नाव-गाव विचारायचे नाही, वही काढायची नाही. पिशवीत मलमपट्टी, ओआरएस आणि पाणी असले की पुरे. जखम धुता धुता पोरगे आपणहून बोलू लागते. रोख पैसे द्यायचे नाहीत, मोठी पोरे ते काढून घेतात. फोटो तर नाहीच. एकट्या मुलाला कुणाच्या खोलीवर न्यायचे नाही, हा नियम कार्यकर्त्यालाही लागू.

हे काम बिघडते ते बहुतेक वेळा हिशेबामुळे. 'किती मुले संस्थेत दाखल केली' एवढेच मोजले की कार्यकर्ता घाई करतो. धाकटा भाऊ फलाटावरच राहिलेला असतो, म्हणून दाखल केलेले पोरगे पळून येते आणि पुढे त्या जोडीला बघताच जागा बदलते. अकरा महिन्यांच्या करारावरची माणसे बदलली की विश्वास पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो. किती पोरे सलग भेटत राहिली, किती जण सीपीआर या सरकारी रुग्णालयात उपचाराला आली, किती जणांनी दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, हे मोजा. कराराची मुदत निदान तीन वर्षांची करा.

पेठांतल्या, फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीम मंडळांकडेही एक मागणे आहे. संध्याकाळी दोन तास या पोरांना तुमच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळू द्या आणि कुलूप लागणारा एक कप्पा द्या. आधार कार्ड, शाळेचा दाखला रस्त्यावर भिजतो, चोरीला जातो आणि तो नसला की पुढची सगळी कामे अडतात.

आपले,
रस्त्यावरील मुलांसोबत काम करणारे कार्यकर्ते, कोल्हापूर