तोमिओकाला जाशील तेव्हा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तोक्योहून तोमिओकाला जाणार म्हणालीस, म्हणून लिहितो. येवल्याच्या विणकराची लेक रेशमाच्या त्या कारखान्यातून नुसते फोटो काढून परतू नये, असं फार वाटतं.

1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. फ्रान्स-इटलीत तेव्हा रेशीमकिड्यांवर रोग पडला होता, त्यामुळे जपानच्या रेशमाला मागणी अफाट. पण घाईने हातावर काढलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक निघे. असा धागा मागावर किती छळतो, ते तू घरी पाहिलंयस. मग जपानच्या तेव्हाच्या मेइजी सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच जाणकाराला नेमून 1872 मध्ये हा कारखाना उभारला. धागा काढायच्या जागा 300, यंत्रं फ्रान्सची. विटा मात्र तिथल्याच कौलं भाजणाऱ्यांनी नव्याने शिकून भाजल्या.

कामाला मुली मिळेनात. फ्रेंच लोक लाल वाइन पीत, आणि लोक म्हणत, हे रक्त पितात! तेव्हा कारखान्याचे पहिले प्रमुख ओदाका अत्सुतादा यांनी स्वतःची 14 वर्षांची मुलगी यू हिलाच पहिली कामगार म्हणून आणलं. बाप म्हणून मी इथे वाचता वाचता थांबलो. अशी अफवा उठलेली असताना पोटच्या पोरीला पुढे करायचं! सरकारने ओतलेल्या सगळ्या पैशापेक्षा मला हे मोठं वाटतं. आणि त्या पोरीचं धाडस तर त्याहून मोठं.

मग लांबलांबून मुली आल्या, सामुराई घराण्यांतल्यासुद्धा. गरम पाण्यातल्या चार-पाच कोषांचे तंतू एकत्र घेऊन एकसारखा धागा कसा ओढायचा, हे त्या फ्रेंच बायकांकडून शिकल्या. मात्सुशिरोची योकोता एई 1873 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी आपल्या भागातल्या नव्या कारखान्यात शिकवू लागली. सरकारला हेच हवं होतं.

पुढे मालक बदलत गेले. 1987 मध्ये काम थांबलं, तरी काताकुरा कंपनीने ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. 2005 मध्ये वास्तू शहराच्या हवाली केली, 2014 मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

मोठ्या दालनात नंतरची स्वयंचलित यंत्रं अजून जागेवर आहेत. धागा बारीक पडला की त्यात नवा तंतू कसा जोडला जातो, ते तिथल्या जाणत्या माणसाला विचार आणि मला सविस्तर कळव.

तुझे,
बाबा