बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी किटमधून गव्हाची बिअर करण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख लेकीनं मला मोबाइलवर वाचून दाखवला. डबा आणा, पाण्यात कालवा, पंधरा दिवसांनी पाहुण्यांपुढे ठेवा. इडलीचं पीठ आंबवण्याइतकं सोपं, असं त्यात म्हटलंय. मी तासगावकडे एका दूध संस्थेत 26 वर्षं दूध तपासायचं काम केलं. सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे, इंग्लंडात लीड्सला आहे आणि या बिअरचे दोन घाणे माझ्या डोळ्यांदेखत झालेत. इडलीचं पीठ बिघडलं तर टाकून देता येतं. त्यापायी चपलेत काचा सापडत नाहीत.

पहिला घाणा जावयांनी फेब्रुवारीत घातला. डब्यात असतो तो माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, घट्ट केलेला अर्क. रंगानं, चिकटपणानं अगदी आपली काकवी. डबा गरम पाण्यात ठेवून सैल करायचा, उकळत्या पाण्यात विरघळवायचा, वर किलोभर माल्टची पूड आणि गार पाणी घालून 20 लिटर करायचं, कोमट झाल्यावर झाकणाखालच्या पुडीतलं यीस्ट भुरभुरायचं. कडूपणासाठी लागणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं अर्कातच उतरलेली असतात. तासाभराचं काम. एवढ्यापुरता आपला लेख बरोबर आहे.

पुढचं मात्र त्यात नाही. रात्री इथलं घर गार पडतं. यीस्ट गारठलं आणि सहाव्या दिवशी पिंपाच्या झाकणावरच्या एअरलॉकमधले (आतला गॅस बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी नळी) बुडबुडे थांबले.

"आई, झाली बघा," जावई म्हणाले.

"अहो, बुडबुड्यांवरून काय कळतंय? मोजा की."

किटमध्ये हायड्रोमीटर होता, प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा काढलेला नव्हता. मी हातात घेतला तर आपला दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटरच! चांगल्या गाईच्या दुधात 28-30 दाखवतो, म्हणजे पाणी 1 धरलं तर दूध 1.028 ते 1.030 इतकं जड, तीच रीत. इथं उलट वाचायचं एवढंच. सुरुवातीला साखर भरपूर म्हणून आकडा 1.044, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करेल तसा तो उतरतो. किटच्या कागदावर शेवटचा आकडा 1.010 ते 1.012 लिहिला होता. आमचा निघाला 1.020. "गव्हाची आहे, जाडच असणार," म्हणून जावयांनी काचेच्या बाटल्या भरल्या, वर आपल्या लेखात सांगितलाय तसा प्रत्येकीत चमचाभर साखर. मी सासू. किती बोलणार?

बाटलीत ती चमचाभर साखर फेस येण्यासाठी असते. पण इथं आधीची साखरही उरलेली. जिन्याखालच्या कपाटाला ऊब मिळाली, यीस्ट जागं झालं आणि गॅसला जायला वाट नाही. अकराव्या रात्री एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची. त्याच कपाटात चपला-बूट असतात. सकाळी जाड हातमोजे, चष्मा, बाटलीवर ओला टॉवेल असा जामानिमा करून उरलेल्या सदतीस बाटल्या मोरीत एकेक करून उघडल्या. फेस छतापर्यंत.

दुसरा घाणा माझ्या देखरेखीखाली झाला. पिंप, नळी, ढवळणं, बाटल्या, सगळं आधी घासून मग जंतुनाशकातून काढलं. दूध संस्थेत एक कॅन नीट धुतला नाही तर पूर्ण टँकरला वास लागतो, हे मी वेगळं शिकायला गेले नव्हते. पिंपाला जुनी रजई गुंडाळली. आकडा 1.011 वर आला आणि तीन दिवस तिथंच राहिला, तेव्हाच भरायची परवानगी दिली. साखर चमच्यानं नाही, वजनावर: 20 लिटरला 140 ग्रॅम, उकळलेल्या पाण्यात विरघळवून सगळ्या बिअरला एकदम. बाटल्या सोड्याच्या प्लास्टिकच्या. दाबून बघितल्या की आत किती गॅस झालाय ते हाताला कळतं.

यीस्टही किटमधलं न वापरता गव्हाच्या बिअरचं वेगळं आणलं. फरक नाकाला कळला. या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्ट तयार करतं. केळं किंवा लवंग कुणी घालत नाही. बाटली उघडल्यावर मी पटकन म्हणाले, सत्यनारायणाच्या शिऱ्याचा वास येतोय. लेक अजून बोलतेय त्यावरून. (घोटभर चाखली. परत मागितली नाही.)

आता लेखातल्या दोन चुका. ही बिअर निव्वळ गव्हाची नसते. तिचं माहेर जर्मनीतलं बव्हेरिया, तिथल्या नियमानं निम्मं तरी गव्हाचं माल्ट लागतं, बाकी सातूचं. गव्हाला टरफल नसल्यानं नुसत्या गव्हाचा लगदा गाळताना चिकट होऊन बसतो. आणि गढूळ दिसली म्हणजे बिघडली, हेही चूक. गव्हातली प्रथिनं आणि तरंगतं यीस्ट यामुळे ती तशीच असते. खाली बसलेलं यीस्टसुद्धा बाटली हलवून लोक ग्लासात घेतात. बिघडली हे आंबट वासावरून, वरच्या बुरशीवरून ओळखायचं. 'गव्हाची म्हणून पौष्टिक' या वाक्यावर मी काही बोलत नाही. आमच्या घाण्यात सव्वाचार टक्के अल्कोहोल होतं, एवढं सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट लेखात आलेलीच नाही. इंग्लंडात 1963 पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात बिअर करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि त्यासाठी साहित्य, भांडी बाळगणंही. कायदा बदलावा असं लेखकाला वाटत असेल तर तसं त्यांनी जरूर लिहावं. पण ऑनलाइन किट मागवा, शनिवारी घाला, असं सांगताना वाचकाला हे माहीत नको का? आमच्या गल्लीतली दोन पोरं लेख वाचून किट शोधायला लागलीत, असं मला फोनवर कळलं, म्हणून हे पत्र.

पुढच्या पुरवणीत कायद्याचा खुलासा छापावा. आणि जे वाचक परदेशी राहतात, कायद्यानं करू शकतात, त्यांच्यासाठी चमच्याऐवजी ग्रॅम लिहावेत.

आपली,
एक निवृत्त दूध तपासनीस
तासगाव, जि. सांगली (सध्या लीड्स)