झाकण्याआधी लिहायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

सा. न.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितेय, ते तुम्हाला आवडणार नाही. म्हणून तुमचं नाव घालत नाही. पण 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीचा पूर ओसरला आणि आपल्या ओढ्यावरचा पूल जागेवर दिसला, तेव्हापासून हे मनात साठून राहिलंय. तुमच्यासमोर बसून बोलायला गेले तर तुम्ही विषय बदलता, चहा सांगता. म्हणून लिहूनच टाकते.

आपली पहिली भेट 2023 च्या ऑगस्टमधली. कडुनिंबाखालच्या चहाच्या गाड्याशी मी बसले होते, मांडीवर फाईल होती, तिसऱ्यांदा परत आलेली. शेरा एवढाच, की पायाच्या वाढीव खोदाईचं मोजमाप काम झाकण्यापूर्वी नोंदवलेलं नाही, सबब देय नाही. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केल्यावर मला मिळालेलं ते पहिलंच पुलाचं काम. सव्वादोन लाख अडकले होते आणि आईच्या पाटल्या तारण पडल्या होत्या. मी रडत नव्हते, पण रडायच्या बेतात होते, आणि ते तुम्ही ओळखलंत. शेजारी बसलात. किती पैसे अडकलेत, कोणत्या टेबलावर अडकलेत, काही विचारलं नाहीत. "मॅडम, खाली मुरूम लागला का दगड?" एवढंच विचारलंत. इतक्या महिन्यांत जमिनीखाली काय लागलं हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. सहा-सहा मीटरचे दोन गाळे, म्हणजे मोरीपेक्षा मोठा, लहान पुलात मोडणारा. अंदाजपत्रकात ओढ्याच्या तळापासून दीड मीटरवर कठीण मुरूम धरलेला. प्रत्यक्षात दीड मीटरलाही काळी मातीच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा देते, तिच्यावर पाया ठेवण्याची माझी हिंमत झाली नाही. शाखा अभियंता साहेबांनी फोनवर सांगितलं, मुरूम लागेपर्यंत खाली जा, मी परवा येऊन मोजमाप घेतो. त्यांच्याकडे त्या आठवड्यात आणखी तीन साईट होत्या. त्याच संध्याकाळी अक्कलकोटच्या बाजूने वळिवाचं आभाळ काळं होऊन आलं. खड्डा भरला असता, बाजू ढासळल्या असत्या. मी रात्रीच पीसीसी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर, टाकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पायाचं काँक्रीट. उरलेल्या दोन पायांनाही तीच घाई. चूक माझीच होती. साहेबांना पुन्हा फोन लावायला हवा होता, दहा मिनिटांसाठी का होईना त्यांना बोलवायला हवं होतं.

तुम्ही मला दोष दिला नाहीत, धीरही दिला नाहीत. एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, काय असते हे समजावत बसलात. मी पदवीधर अभियंता, पण तिच्याकडे मी बिल काढायचं एक साधन म्हणूनच बघत आले होते. पानांना छापील क्रमांक का असतात, पान फाडायचं का नाही, खोडरबर का चालत नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी सही का करायची, कोरी राहिलेली जागा तिरकी रेघ मारून का बंद करायची, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. "स्लॅबला उद्या पण टेप लावता येईल, दहा वर्षांनी पण लावता येईल. पायाला कुठं लावणार? त्याला फक्त ते पान आहे." हे वाक्य मी त्या संध्याकाळी घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

पुढचे चार रविवार तुम्ही माझे कागद बघितलेत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तुम्हाला, गुडघा दुखत होता, तरी. फोनमधले फोटो मी मोठ्या अभिमानाने पुढे केले होते. तुम्ही चष्मा वर करून एकेक बघितला आणि म्हणालात, "पट्टी दिसते, पण पट्टीचा शून्य कुठं टेकलाय ते दिसत नाही. हा फोटो बाजूला ठेव." बावीसपैकी तीनच उरले. जेसीबीच्या तासांच्या चिठ्ठ्या तुम्ही तारखेप्रमाणे लावल्यात. साईट ऑर्डर बुकातली साहेबांची एक सही शोधून काढलीत, जिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

आणि क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, रिपोर्ट. ते मी विसरणार नाही. 28 दिवसांची ताकद बरोबर आली एवढंच मी त्यात बघितलं होतं. तुम्ही नमुने मोजलेत. काँक्रीटच्या आयएस 456 या मानकाप्रमाणे 6 ते 15 घनमीटर काँक्रीटला दोन नमुने आणि 16 ते 30 ला तीन, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. अंदाजपत्रकाप्रमाणे एका पायाला 14 घनमीटर लागणार होतं, म्हणजे दोन नमुने पुरले असते. माझ्या चलनावर मात्र त्या तारखेला तीन नमुने, नऊ क्यूब. "हे बघ," तुम्ही म्हणालात, "तुझ्या क्यूबनीच सांगितलंय की त्या दिवशी चौदापेक्षा जास्त काँक्रीट पडलं." नियम म्हणून भरलेला तो कागद माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलंही नव्हतं. त्या रविवारी तुम्ही मला पहिल्यांदा मॅडम न म्हणता पोरी म्हणालात.

एवढं जमवूनही तुम्ही समाधानी नव्हतात. हे सगळे आधार आहेत, मोजमाप नाही, म्हणालात. मग सुचवलंत, की ओढा कोरडा पडला की पायाशेजारी चाचणी खड्डा घ्यायची परवानगी माग आणि सगळ्यांसमोर संयुक्त मोजणी होऊ दे. माझ्या अर्जाचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात अन्याय होता, मानसिक त्रास होता, महिला उद्योजक होती. तुम्ही पेन्सिलीने ते सगळं काढून टाकलंत. उरलं अर्धं पान: विषय, संदर्भ, तारखा, खोली, परिमाण सव्वापटीच्या वर गेल्याने लागू होणारा निविदेतला क्लॉज 38, आणि शेवटी विनंती. त्या अर्ध्या पानावर पंधरा दिवसांत परवानगी आली. तो पेन्सिलीचा कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. शेतकऱ्यांचे हाल झाले, आमचा ओढा मात्र डिसेंबरात ठणठणीत कोरडा होता. उपअभियंता आले, शाखा अभियंता आले, सरपंच आले. आणि तुम्ही, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एसटीने. बोलावलं नव्हतं, येणार असं कळवलंही नव्हतंत. जेसीबीने वरचं खोदून दिलं, शेवटची फूटभर माती गड्यांनी हाताने काढली, पायाला धक्का नको म्हणून. मधल्या पायाचा तळ दिसला तेव्हा खाली पिवळट, टणक मुरूम होता, पहारीचं टोक आपटलं की टण्ण वाजणारा. पट्टी लावली. आकडा पुकारला गेला: दोन पासष्ट.

मी मागणीत दोन सत्तर लिहिलं होतं. मी तोंड उघडलं, तळाची माती थोडी वर आली असेल असं काहीतरी सांगणार होते, आणि काठावरून तुमचा आवाज आला, "दोन पासष्ट लिही." बाकी दोन्ही पाये दोन सत्तरच भरले. एमबीत तसंच चढलं, खाली मी 'मोजमापे मान्य' लिहून सही केली. मार्चअखेर बिल निघालं. मुरमाच्या दोन खेपांचे वाहतूक पास माझ्याकडे नव्हते, तेवढी रॉयल्टी कापली गेली. पाटल्या आईच्या हातात परत आल्या.

परतताना एसटीत तुम्ही महाडचं सांगितलंत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस गेल्या. त्यानंतर पुलांच्या नोंदवह्या सगळीकडून कशा मागवल्या गेल्या, मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर तपासणीचे तक्ते किती काटेकोर बघितले जाऊ लागले, त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांसाठी केंद्राने पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू करून प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक आणि 0 ते 9 असा दर्जा द्यायला कशी सुरुवात केली, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तुम्ही आयुष्यभर असेच तक्ते भरलेत. एखादा रकाना 'निरंक' लिहून पुढे ढकलायच्या आधी तुम्ही उठून पुलाखाली जाऊन बघत होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग 2025. लांबोटीला पाणी आल्याने पुणे महामार्ग बंद, वडकबाळला विजयपूरचा रस्ता बंद, गावंच्या गावं पाण्यात. सीनेचा फुगवटा आमच्या ओढ्यात शिरला आणि पुलावरून पाणी गेलं. दोन रात्री मला झोप नव्हती. पाणी उतरलं तेव्हा पूल उभा होता, पण खालच्या अंगाचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, वाहून गेलं होतं आणि मधल्या पायाशेजारी खड्डा पडला होता. पलीकडे शाळा, दूध संकलन, पुढे उसाच्या गाड्या सुरू होणार. पाहणीला आलेले अभियंते नवीन होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाया किती खाली आहे?"

काका, त्या वेळी मला तुमचीच आठवण झाली. मी पिशवीतून वही काढली. एमबीचा क्रमांक, पान क्रमांक, तारीख, दोन पासष्ट, कठीण मुरूम. त्यांनी कार्यालयात फोन करून पान ताडून घेतलं. खड्डा मोजला, नव्वद सेंटिमीटर. म्हणजे पाया अजून पावणेदोन मीटर जमिनीत होता. अंदाजपत्रकाप्रमाणे दीड मीटरवर थांबले असते तर साठ सेंटिमीटर उरलं असतं. आणि दोन सत्तर असं खोटं लिहिलं असतं, तर त्या काठावर उभं राहून तो आकडा उच्चारताना माझी जीभ अडखळली असती. जड वाहनं थांबवून दुचाकी आणि दुधाच्या गाड्या त्याच दिवशी सोडल्या. दगड भरून पिचिंग नव्याने केलं. ऊस त्याच पुलावरून गेला.

पैसे मिळवून दिलेत त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे आभार त्या पाच सेंटिमीटरचे आहेत. काठावर गुडघा धरून उभे होतात आणि मला खोटं बोलू दिलं नाहीत, त्याचे.

आता माझ्या हाताखाली डिप्लोमा झालेला एक मुलगा आहे. परवा मंद्रूपच्या बाजूला मोरीचा पाया भरायचा होता, ट्रक उभा होता, ड्रायव्हर ओरडत होता. पोराने ट्रक थांबवून ठेवला, पट्टी लावली, शून्य दिसेल असा फोटो काढला आणि साहेब येईपर्यंत हललाच नाही. ते बघताना मला तुम्ही तिथे असायला हवे होतात असं वाटलं.

गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही सोलापुरातच असाल ना? आईने शेंगाचटणी कुटून ठेवलीय तुमच्यासाठी, कडक भाकरीही आहे. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. चहाचे पैसे या वेळी मी देणार.

तुमची,
ओढ्यावरच्या पुलाची ठेकेदार पोरगी
सोलापूर