नरक्या गेला, आता जाणकारही

महोदय,

माझी आजी गावात झाडपाल्याचं औषध द्यायची. साल काढायची ती खोडाच्या एकाच बाजूने, वीतभर. झाड मरता कामा नये. आमच्याच रानातलं नरक्या नावाचं औषधी झाड मात्र मुळासकट पोत्यांनी गेलं. त्यातल्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगाची औषधं बनतात ना!

2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे आमच्याकडेही गावच्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्या वापराची माहिती ठेवायची नोंदवही झाली. तिच्यात झाडांची नुसती नावं. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती घ्यायचा, याबद्दल अक्षर नाही. ते सांगणारे दोनच म्हातारे उरलेत, त्यातल्या एकाला आता दिसत नाही. ग्रामसभेने याच पावसाळ्यात त्यांना सोबत घेऊन रानात नोंदी कराव्यात.

– एक निवृत्त शिक्षक, ता. चंदगड, जि. कोल्हापूर