नऊ दिवस देवीची आरती आणि रात्री बाईवर विनोद

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे रोज येतो, पत्र मात्र मी पहिल्यांदाच लिहितेय, कारण गेल्या नवरात्रातली एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

पाचव्या माळेला आमच्या कॉलनीच्या मंडळाने कॉमेडीचा कार्यक्रम ठेवला होता. बाहेरगावच्या पार्टीला सुपारी दिलेली. आरती झाली, प्रसाद वाटला, देवीसमोरचा पडदा सरकवला आणि शेजारच्याच स्टेजवर एक जण नऊवारी नेसून आला, ब्लाउजमध्ये दोन फुगे. पहिली पाच मिनिटं तो नुसता चालून दाखवत होता, मग टाचणीने एक फुगा फोडला आणि मागच्या खुर्च्यांवरून अशा शिट्ट्या पडल्या की विचारू नका. नंतर बायको जाडी, बायको काळी, बायकोचं तोंड बंद होत नाही, मेहुणी म्हणजे अर्धी घरवाली, हे सगळं एकामागून एक. आणि मग तो खाली उतरून पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्याच गल्लीतल्या एका नव्या सुनेसमोर माईक घेऊन गेला आणि विचारलं, वहिनी, दादा रात्री दमून येतात की तुम्हीच दमवता? सगळा मांडव हसला. ती पण हसली, पदर तोंडाला लावून. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते, तिचा दुसरा हात मला दिसत होता, मांडीवरच्या पोराचा शर्ट तिने मुठीत इतका घट्ट धरला होता की ते पोरगं रडायला लागलं. उरलेल्या माळांना ती आरतीला आली नाही.

आता याच मंडळाची आदल्या वर्षीची गोष्ट सांगते. आठवी-नववीतल्या सात मुलींनी तीन आठवडे गच्चीवर प्रॅक्टिस करून एक डान्स बसवला होता, त्यात माझी लेक पण होती. ड्रेस आणला, बांगड्या आणल्या, आणि आदल्या दिवशी मंडळातली मोठी माणसं घरी येऊन सांगून गेली की वहिनी, मुलींना असं स्टेजवर नाचवणं बरं दिसत नाही, गाणं पण जरा तसलं आहे, समोर आयाबाया बसलेल्या असतात. गाणं सिनेमातलं होतं, प्रत्येक वरातीत वाजतं ते. पोरी रडल्या, आम्ही समजूत काढली. आता मला सांगा, पाचव्या माळेला रात्री साडेनऊ वाजता समोर कोण बसलं होतं? त्याच आयाबाया बसल्या होत्या ना? मग तेव्हा कोणाला कसं वाटलं नाही की हे बरं दिसत नाही?

कार्यक्रम संपल्यावर मी बोलले. उत्तर आलं, वहिनी मनावर काय घेता, गंमत असते. घरी नवरा पण तेच म्हणाला. पण लेकीने विचारलं, आई, आमचा नाच घाण होता आणि हे गंमत आहे का. मला उत्तर देता आलं नाही.

मी काही सोवळं नेसून बसलेली बाई नाही. आमच्या माहेरी हळदीला बायका जे बोलायच्या ते इथे लिहिता येणार नाही, आणि मंगळागौरीला उखाण्यातून नवऱ्यांची अशी फजिती व्हायची की आम्ही पोटं धरून लोळायचो. चावटपणा आपल्यात पहिल्यापासून आहे. लगेच दादा कोंडक्यांचं नाव पुढे करतात, करू देत, माझ्या वडिलांनी आम्हाला त्यांचे पिक्चर दाखवलेत आणि आम्ही हसलोय, काही ठिकाणी आईने मान खाली घातलेली पण आठवतेय. तमाशातल्या गवळणीतली मावशी पण पुरुषच असतो की साडी नेसलेला, पण ती मावशी कृष्णाला आणि पेंद्याला पुरून उरते, बोलण्यात हार जात नाही. फुगेवाल्या बाईला बोलायला एक वाक्य नव्हतं. तिला फक्त अंग होतं. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी संस्कृतीच्या गोष्टी सांगू नयेत एवढंच माझं म्हणणं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या इंडियाज गॉट लेटेंट नावाच्या यूट्यूब शोमध्ये आईवडिलांवरून घाणेरडा प्रश्न विचारला तेव्हा सगळा देश पेटला, महाराष्ट्र सायबरने गुन्हा दाखल केला, तिकडे गुवाहाटीला एफआयआर झाली, सुप्रीम कोर्टाने पण सुनावलं. त्याच्या दहा वर्षं आधी वरळीला एआयबी नावाच्या कॉमेडी ग्रुपचा रोस्ट, म्हणजे स्टेजवर एकमेकांची शिवराळ टिंगल करायचा कार्यक्रम, झाला तेव्हाही असंच. मला तो प्रश्न घाणच वाटला, त्याची बाजू मी घेत नाही. पण आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ज्यांनी तेव्हा फाशी द्या फाशी द्या म्हणून मेसेज टाकले त्यांचेच बायकोवरचे जोक रोज सकाळी येतात, देवीचा फोटो, खाली सुप्रभात आणि त्याच्या खाली तो जोक. आईवर बोललं की राग येतो आणि बायकोवर बोललं की हसू येतं, मग ती बायको कोणाची तरी आईच असते ना, निदान आपल्याच पोरांची?

शिवजयंतीला तर स्टेटसला रांझ्याचा पाटील असतो. १६४६ सालचं पत्र, बाईशी बदअंमल केला म्हणून महाराजांनी पाटलाचे हातपाय कलम केले, अंगावर काटा येतो वाचताना. आणि मग एका नाचणाऱ्या मुलीचा कपडे बदलतानाचा चोरून काढलेला व्हिडिओ फिरतो (तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मी मुद्दाम लिहीत नाही) तेव्हा तो कोण पुढे पाठवतं? तिच्या नाचाने संस्कृती बुडाली म्हणणारेच त्या व्हिडिओची लिंक मागत होते, मी स्वतः बघितलंय. नाचली ती वाईट, आणि चोरून बघितलं ते कोणाच्या हिशोबातच नाही.

पोलीस केस करा असं मी म्हणत नाहीये. बाईच्या अब्रूला धक्का लागेल असं बोलण्याविरुद्ध कायदा आहे, पूर्वी ५०९ कलम होतं आता नव्या भारतीय न्याय संहितेत ७९ आहे, पण गल्लीतल्या माणसांवर कलमं लावून शेजार टिकत नाही. मला नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याचं जास्त पटलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या गावाने ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. लोक हसले असतील त्यांना. पण एवढ्याशा गावाला जे सुचलं ते आपल्या कॉलन्यांना, मंडळांना, ऑफिसच्या ग्रुपना का सुचू नये? सुपारी देताना पार्टीला एवढंच सांगायचं ना की प्रेक्षकातल्या बाईला मध्ये ओढायचं नाही आणि बाईच्या अंगावर विनोद नाहीत. ऑर्केस्ट्रावाल्यांना आपण गाण्यांची यादी देतोच की, मग हे सांगायला काय जड आहे? चांगल्या कलाकाराला दुसरे शंभर विषय आहेत, रस्त्यातले खड्डे घ्या, आमदाराचं भाषण घ्या, नाहीतर आमचं मंडळच घ्या.

या नवरात्राची मीटिंग येत्या रविवारी संध्याकाळी आहे. मीटिंगला आजवर बायकांना कधी बोलावलं नाही, आमच्याकडे फक्त चहा सांगतात. या वेळी आम्ही सहा जणी जाऊन बसणार आहोत, ती नवी सून पण येते म्हणालीये. चहा मंडळाने टपरीवरून मागवावा. आणि पहिल्या माळेला मुलींचा डान्स लावा, हा आमचा पहिला विषय आहे.

आपली एक वाचक,
कराड