मिरजेच्या काकांना, बाबांचा एफ-टू वाचवल्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "सांगलीत पाऊस आहे का गं" विचारता आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची हळदीची अडत आहे. १९९४ साली बाबांनी एका ओळखीच्या पोराकडून क्लिपरमध्ये, म्हणजे डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) जमान्यातल्या एका भाषेत, हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला, निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, माऊसचा संबंध नाही. शेतकऱ्याला दिलेली उचल, पोती, तोलाई, हमाली, शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबाची पट्टी, सगळं त्यात. एफ-टू दाबला की नावांची यादी, एफ-टेन दाबला की पट्टी छापायला जाते. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांनी गावाचं पहिलं अक्षर टाकलं की पुढचं बोटं आपोआप करतात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या घरातून त्यांनी आधी सीपीयू माळ्यावर चढवला, मग गादी. आई अजून ऐकवते.

ते मशीन गेल्या जुलैत लाईट येता-जाता गेलं. हार्डडिस्क वाचली. नवीन कॉम्प्युटर आणला तर प्रोग्राम उघडेचना, कारण ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे डॉसचे प्रोग्राम चालतच नाहीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ज्याला विचारलं त्याने डिस्कमध्ये न बघताच सांगून टाकलं की जुना डेटा विसरा, नवीन सॉफ्टवेअर घ्या, वर्षाला एवढे भरा आणि खाती पहिल्यापासून टाईप करा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. उगाच वाढवून सांगत नाही, खरंच नाही जेवले.

आणि मग तुम्ही आलात, स्कूटरवर, पिशवीत एक पेनड्राइव्ह आणि भडंगाचा पुडा घेऊन. तुम्ही मशीनला हात लावायच्या आधी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून विचारलंत, "दिवसभरात पहिलं बटण कुठलं दाबता?" बाबा पाऊण तास बोलत होते. तेवढा वेळ त्यांचं ऐकून घेणारं आमच्या घरात कुणी नाही, मी धरून.

मग डिस्क जोडून तुम्ही पार्टीची, म्हणजे खातेदारांच्या डेटाची, डीबीएफ फाईल हेक्सडंपमध्ये उघडलीत, म्हणजे आतले बाईट जसेच्या तसे आकड्यांत. मला वाटलं नुसता कचरा दिसणार. पहिला आकडा ०३, तुम्ही म्हणालात ही डीबेस या जुन्या डेटाबेसच्या घराण्याची खूण. पुढे तीन बाईट शेवटच्या बदलाची तारीख, आणि त्यापुढे ३ए १२ ०० ००. "हे उलटं वाचायचं, आणि दहाच्या नाही, सोळाच्या पटीत. कर हिशेब." मी पेन घेऊन बसले, ४०९६ अधिक ५१२ अधिक ५८, झाले ४६६६. बाबा मागून म्हणाले, "बरोबर, ४६६६ खाती आहेत." त्यांना तोंडपाठ होतं! खाली उजव्या बाजूला नाव, गाव, उचल असे रकाने इंग्रजी अक्षरात सरळ वाचता येत होते. जो डेटा विसरायला सांगितला होता तो हा. काका, त्या मिनिटाला मला रडू आलेलं, तुम्ही भडंग खात होतात म्हणून दिसलं नसेल.

त्याच संध्याकाळी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, आमचा प्रोग्राम चालू करून दाखवलात, तीच निळी स्क्रीन. मी म्हटलं झालं की काम, आणि तुम्ही म्हणालात, नाही, डॉसबॉक्स मुळात जुन्या गेम्ससाठी बनवलेलं आहे, प्रिंटरचं त्यात काही नाही, त्याच्या भरवशावर लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवू नको. दुसरं कुणी असतं तर तिथेच हात झटकून गेलं असतं.

नशीब असं की त्या पोराने सोर्सच्या, म्हणजे मूळ लिहिलेल्या कोडच्या, पीआरजी फाईली त्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या. हार्बर नावाचं काही असतं हे मला माहीतच नव्हतं, क्लिपरचाच कोड घेऊन लिनक्स, विंडोज, मॅक कशासाठीही प्रोग्राम बनवून देणारा कंपायलर, आणि फुकट. नंतरचे तीन रविवार तुम्ही आमच्याकडे होतात. आधी फाईलच सापडेना, कारण डॉसला कॅपिटल-स्मॉल एकच आणि लिनक्सला पार्टी कॅपिटलमध्ये वेगळी नि स्मॉलमध्ये वेगळी. सगळी नावं स्मॉल केली, वर एक सेटिंग टाकलं, मग उलट्या रेघेचे पाथ बदलले, इंडेक्स नव्याने बांधले. चौकटींच्या रेघांच्या जागी भलतीच अक्षरं यायला लागली, तो कोडपेजचा घोळ. मला त्यातलं निम्मं अजून कळलेलं नाही, वहीत लिहून ठेवलंय.

प्रिंटरने मात्र सगळ्यात जास्त पिडलं. डॉट मॅट्रिक्स, नवीन मशीनला त्याचं पोर्टच नाही, म्हणून यूएसबीची केबल आणली. पट्टीवर आकडे बारीक यायला हवेत, १३२ कॉलम, त्यासाठी प्रोग्राम आधी प्रिंटरला १५ नंबरचा कोड पाठवतो, आणि मधला ड्रायव्हर शहाणपणा करून तो खाऊन टाकत होता. तुम्ही प्रिंटरची रांग रॉ केलीत, म्हणजे येईल ते जसंच्या तसं प्रिंटरकडे ढकल, मध्ये बोलू नको. तो कर्रकर्र आवाज आला तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, "चालू झालं का?"

आणि एक राहिलंच. माझा पहिला स्वतःचा प्रोग्राम आठवतोय? गावावार उचल, तीसेक ओळींचा. बेरीज बाबांच्या आकड्यापेक्षा १,८४,५०० ने जास्त येत होती, मी रात्रभर जागी, म्हटलं बाबांनी तीस वर्षं काय केलंय काय. सकाळी सातला तुम्हाला फोन केला तर तुमचा एकच प्रश्न, "सेट डिलीटेड ऑन लिहिलंस का?" नव्हतं लिहिलं. डिलीट केलेली ओळ जात नाही, तिच्या आधीच्या एका जागेत नुसती चांदणी पडते, पॅक म्हणेपर्यंत ओळ तिथेच बसून असते, आणि माझी बेरीज त्या चांदणीवाल्यांनाही धरत होती. बाबांना ती यादी दाखवली तर चष्मा लावून एकेक नाव बघत बसले, "हा कवठ्याचा, दोनदा घातला होता मी... हा बेडगचा, रागाने काढला होता." राग कशाचा ते सांगितलं नाही.

आता साताऱ्याला दादाच्या विंडोजच्या लॅपटॉपवर तोच कोड कंपाईल करून दिलाय, एक ओळ बदलावी लागली नाही. तो सातारी कंदी पेढे पाठवतो म्हणालाय, आले की पोचवते, तुम्ही पैसे तर घेत नाहीच आणि हळदपूडही एक किलोच्या वर नेत नाही.

पट्टी मराठीत छापायचं राहिलंय. बाबा म्हणतात घाई नाही, सीझन संपू दे. पण तुमचा पेनड्राइव्ह त्यांनी गल्ल्यात टाकून कुलूप लावलंय, आणि किल्ली मागितली की म्हणतात, "त्यांना यायला लाव, मग देतो."

तुमची,
गावभागातली अडतवाली